टक्

‘चल, स्वारगेटला सोडतो,’ असं अण्णा म्हणाले की आमच्या सोसायटीतल्या जाणत्या माणसांना एकदम चालण्याचे फायदे आठवतात. मी नवा होतो. बसलो. दार लावायच्या आत अण्णांनी माझ्या हातात थर्मामीटर दिला. ‘एसीच्या जाळीत धर. आत्ता सात दाखवेल. वीसच्या वर गेला की ओरड. आणि कान बॉनेटकडे ठेव. टक् आवाज आला की एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच लागला. आला की वेळ लिही, वही समोरच आहे.’

तेव्हा कळलं, अण्णा लिफ्ट देत नाहीत. भरती करतात.

गाडी 2001 सालची. पंधरा वर्षांनंतरचं पासिंगही दोनदा करून झालंय. एसी सकाळी थंडगार, आणि दुपारी सिग्नलला दहा मिनिटं अडकलं की लोहाराचा भाता. मिस्त्रीच्या दारात नेली की पुन्हा काश्मीर. अगदी बंदच पडला असता तर काकूंनी गाडी केव्हाच विकायला लावली असती. नीट चालला असता तर अण्णांनी निवृत्तीनंतर काय केलं असतं कोण जाणे.

नाना पेठेतल्या दोघांनी ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरून दिला. त्यातल्या दुसऱ्याला अण्णांनी भर दुकानात शिकवलं : ‘गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही. कमी झाला म्हणजे गळतोय. गळती दाखव आणि मग पैसे माग!’ मुद्दा बरोबर होता. पैसे मात्र द्यावे लागले.

मग त्यांनी रिले धरला. हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच जातीचा, म्हणून अदलाबदल करून पाहिली. एसीला फरक पडला नाही आणि हॉर्न गेला. आठ दिवस लक्ष्मी रस्त्यावर अण्णा खिडकीतून मान काढून स्वतःच ओरडत होते. लोक मूळ हॉर्नपेक्षा लवकर बाजूला होत, असं काकू सांगतात.

पुढचे दोन महिने बर्फाचे. कूलिंग कॉइलवर बर्फ धरला की वारा अडतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की वितळून पुन्हा सुरळीत होतं, हे खरं आहे. त्याच्या तपासासाठी मी जाळीसमोर टिश्यू पेपर धरून कात्रजपर्यंत गेलो. कागद शेवटपर्यंत फडफडत राहिला. म्हणजे वारा भरपूर, नुसता गरम. बर्फ बाद! त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

‘एवढ्या पेट्रोलात रिक्षाने काशीला जाऊन आले असते मी,’ काकू म्हणाल्या.

निकाल लागला तो मे महिन्यात, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला. टक् थांबलं. इंजिन चालू ठेवून अण्णांनी बॉनेट उघडलं आणि क्लचच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. दिवा लख्ख! वीज पोचतेय आणि क्लच धरत नाही. म्हणजे रिले, स्विच, गॅस सगळे एका झटक्यात निर्दोष सुटले. मग त्यांनी डिकीतून चक्क जळमटं काढायच्या कुंच्याची काठी काढली, मला पट्ट्यापासून चार हात लांब उभं केलं आणि क्लचच्या तबकडीला लांबूनच हलकं ढोसलं.

टक्!

झिजून झिजून तबकडी आणि पुलीमधली फट वाढली होती. असायला हवी साधारण अर्धा मिलिमीटर. क्लचच्या चुंबकाचं तांब्याचं वेटोळं तापलं की त्यातून वीज कमी वाहते, चुंबकाची ओढ कमी पडते आणि तेवढी वाढीव फट त्याला ओलांडवत नाही. गार असताना जमतं. म्हणून सकाळ थंड आणि दुपार गरम. म्हणूनच मिस्त्रीकडे बॉनेट उघडून रांगेत थांबलं की तब्येत ठणठणीत. मिस्त्रीने आतला एक पातळ वॉशर काढून फट कमी केली. तो वॉशर अण्णांनी घरी आणला. ‘देव्हाऱ्यात ठेवायचाय का?’ काकूंनी विचारलं. अण्णा क्षणभर विचारात पडलेले मी पाहिले.

पंधरा दिवस शांततेत गेले. परवा भर दुपारी बेल वाजली. दारात अण्णा, हातात वही आणि थर्मामीटर.

‘चल, सासवडला जाऊन येऊ.’

‘पण अण्णा, झाला ना दुरुस्त?’

‘तेच तर,’ अण्णा आवाज खाली आणून म्हणाले, ‘पंधरा दिवसांत एकदाही बंद पडला नाही. मला संशय येतोय.’