आस्ते, लेडीज!

अहो वहिनी, राहू द्या ते कपडे, ऊन आहे अजून. आधी इकडे या कुंपणाशी. काल तुमच्या हातात ट्रॅव्हल्सवाल्याचं ते रंगीत पत्रक पाहिलं मी. कोलकाता दर्शन, एसी गाडी, दिवसभरात सगळे पॉइंट! गाडीत चढाल, उतराल, फोटो काढाल, परत चढाल. घरी येऊन विचारलं कोलकाता कसं आहे, तर म्हणाल एसी छान होता. त्या गावात पॉइंट दोन कमी झाले तरी चालतील, पण तिथल्या बसमध्ये, ट्राममध्ये, होडीत बसल्याशिवाय परत येऊ नका. तिथं जाणं-येणं हीच खरी पाहण्याची गोष्ट आहे.

गीतांजलीचंच तिकीट काढा. संध्याकाळी आपल्या नागपूर स्टेशनावर बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. बाहेर पडलं की टॅक्सीवाले घेरतात. बॅगा हलक्या असतील तर मान हलवायची आणि सरळ नदीकडे चालायचं, समोरच जेटी आहे. फेरीबोटीचं तिकीट म्हणजे चहाचे पैसे. बोट सुटली की डावीकडे अख्खा हावडा ब्रिज दिसतो, गाडीच्या खिडकीतून दिसतो तसा तुकड्या-तुकड्यात नाही. १९४३ चा आहे तो. साडेसव्वीस हजार टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांचं, आणि सगळं रिव्हेट ठोकून जोडलेलं, नट-बोल्ट नावाला नाही.

आणि तुमच्या ह्यांना सांगून ठेवा, खर्रा घरी ठेवून या म्हणावं. हसता काय? त्या पुलाचा रस्ता ज्या पोलादी खांबांनी वरून टांगलाय ना, त्यांची बुडं लोकांनी पान-गुटख्याच्या पिचकाऱ्या मारून मारून झिजवली. शेवटी पोर्टवाल्यांना त्यावर फायबरची आवरणं बसवावी लागली. जपानी विमानांच्या काळात टिकलेला पूल, आणि थुंकीनं खाल्ला! आमच्या ह्यांना हे मुद्दाम पुलाखालूनच ऐकवलं. दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, बंगाली लोकही आपलेच म्हणायचे.

जाताना नदीवरून गेलात तर येताना नदीखालून या. हो, खालून! मेट्रो आपल्याही बर्डीला आहे, पण आपली डोक्यावरून जाते. तिथली हावड्याहून निघते ती हुगळीच्या पोटातून, मार्च २०२४ पासून. नदी यायच्या वेळी बोगद्यात निळे दिवे लागतात आणि पाऊण मिनिटात संपतेही. डब्यातली अर्धी माणसं मोबाइल वर धरून, अर्धी झोपलेली. झोपलेली ती तिथली. तसंही त्यांना मेट्रोचं कौतुक जुनंच. देशातली पहिली मेट्रो तिथलीच ना, १९८४ ची. मुंबई-दिल्लीच्या किती आधीची बघा.

पण मजा बसमध्ये. निळ्या-पिवळ्या, लाकडी पाट्यांच्या बसगाड्या. कंडक्टर दारात लोंबकळतो, नोटा उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यात खोचलेल्या, हातानं पत्र्यावर थाप मारतो. दोन थापा म्हणजे चल. एका बाजूची रांग बायकांची, तिथं पुरुष बसला तर उठवायची गरज पडत नाही, तो आपणच उठतो. आणि उतरायला आपण दाराशी गेलो की कंडक्टर ड्रायव्हरला ओरडून सांगतो, ‘आस्ते, लेडीज!’ गाडी पूर्ण थांबते, आपण पदर सावरून राणीसारखं उतरायचं. मागून आमचे हे. लेडीज उतरली, विषय संपला, बस निघाली! टुणकन उडीच मारावी लागली त्यांना. तेव्हापासून म्हणतात, मला टॅक्सीनं ने.

टॅक्सीनंही फिरा की, पिवळ्या अँबॅसेडर दिसल्या तर. कारखाना २०१४ मध्येच बंद पडला आणि पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, म्हणून दर वर्षी कमी होऊन राहिल्या आहेत. एक मात्र ध्यानात ठेवा. तिथले पुष्कळ रस्ते सकाळी एका दिशेनं चालतात आणि दुपारनंतर उलट दिशेनं. सकाळी जिथून गेलो तिथूनच परत ने म्हणून आमच्या ह्यांनी ड्रायव्हरशी हुज्जत घातली. तो बिचारा हात जोडून म्हणाला, दादा, एक वाजून गेला.

ट्राममध्ये लवकर बसून घ्या. १८७३ साली घोड्यांनी ओढली, १९०२ पासून विजेवर. मुंबईनं १९६४ मध्ये बंद केली, तिथं अजून घंटी वाजवत जाते. पण २०२४ मध्ये सरकारनंच सांगितलं, मैदानातल्या मार्गाचा एक तुकडा ठेवू, बाकी बंद. प्रकरण कोर्टात गेलंय. जी चालू दिसेल तिच्यात बसा, कुठं जाते ते नंतर विचारा.

हातरिक्षाचं विचाराल तर मी नाही बसले. माणसानं माणसाला ओढायचं, नकोच वाटतं. माथेरानच्या बंद करा म्हणून सुप्रीम कोर्टानंही २०२५ मध्ये सांगितलंच. पण तो रिक्षावाला बिहारचा, म्हातारा, म्हणाला, तुम्ही नाही बसलात तर मी जेवू काय? त्याचं उत्तर कोर्टापाशी असेल, माझ्यापाशी नव्हतं.

बरं, आता खरी गंमत ऐका. बागबाजारात फिरत होतो. तिथं एका गल्लीचं नाव काय असावं? मराठा डिच लेन! म्हटलं, आपल्या नावाची गल्ली, फोटो काढू. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे एक आजोबा बसले होते. कुठून आलात? म्हटलं, नागपूर. आजोबांनी चहाचं भांडं खाली ठेवलं आणि सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बोर्गी!’ सगळे हसले. मला कळेना, ह्यांना कळलं, कारण हे महालातले. आपल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जायच्या ना, पुढे भास्करपंत कोल्हटकर. त्यांनाच तिथं बोर्गी म्हणायचे, आणि त्यांची एवढी दहशत की १७४२ मध्ये इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत, तीन मैल खणून झाला, आणि भोसल्यांची फौज कोलकात्यात आलीच नाही! पुढे तो खंदक बुजवून त्यावरूनच सर्क्युलर रोड काढला. म्हणजे आपण जिथून बसनं फिरलो तो रस्ता आपल्याच भीतीचा. तिथल्या आया अजून पोरांना झोपवायच्या गाण्यात बोर्गी आले म्हणतात. आपल्याकडे बागुलबुवा, त्यांच्याकडे आपण!

तुमचे हे म्हणतील, आपला पराक्रम. म्हणू द्या. पण गावं लुटली तीही आपणच, तिकडे बसून ऐकलं की छाती फुगत नाही फारशी. आजोबा मात्र गोड माणूस. चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. म्हणाले, चौथ समजा.

आणि जोडासांकोला रवींद्रनाथांचा वाडा पाहायला जालच, तेव्हा एक मनात ठेवा. १८७८ मध्ये हा सतरा वर्षांचा मुलगा मुंबईत डॉक्टर आत्माराम पांडुरंगांच्या घरी राहिला होता, प्रार्थना समाजाचे ते. इंग्रजी शिकवायला कोण, तर त्यांची मुलगी अन्नपूर्णा. ह्यानं तिचं नावच बदलून ठेवलं नलिनी! पुढचं मी काही बोलत नाही. तुम्ही समजून घ्या.

व्हिक्टोरिया मेमोरियल पाहा, पण बागेतूनच, उन्हं उतरली की. आतलं संग्रहालय सोमवारी बंद, इंडियन म्युझियमही सोमवारी बंद. पत्रकात तुमची टूर नेमकी सोमवारची आहे, वाचलं मी चष्मा न लावता.

खायचं काय म्हणता? ‘निरामिष’ एवढा शब्द पाठ करा, मग उपाशी राहत नाही. सकाळी कचोरी आणि बटाट्याची भाजी, कॉलेज स्ट्रीटवर पॅरामाउंटचं शहाळ्याचं सरबत, रात्री पुचका. डाळीला थोडी साखर लागते, सावजीवाल्या तोंडाला चालवून घ्यावं लागतं.

बरं, डिसेंबरात जाताय ना? मग नोलेन गुळाचे दिवस. रसगुल्ले आणू नका, पाक बॅगेत सांडतो. संदेश आणा माझ्यासाठी, अर्धा किलो, गुळाचा. आणि पैसे आत्ताच घ्या, थांबा. नाहीतर मागच्या वेळी जगन्नाथपुरीच्या खाज्यासारखं ‘राहू द्या हो’ म्हणाल आणि मला पुढच्या खेपेला काही मागताच यायचं नाही.