प्रमाणित थरथर

गुहागरात व्याडेश्वराच्या देवळापासून समुद्र हाकेच्या अंतरावर असल्याने खारा वारा जुन्या गाडीच्या वायरींची टोके हिरवी करतो, रबरी नळ्यांना वय भेगा पाडते, आणि अशा भेगेतून आगंतुक हवा इंजिनात शिरली, की मिश्रणात पेट्रोल कमी पडून एखादा सिलिंडर पेट घेत नाही. यालाच मिसिंग म्हणतात, आणि त्यामुळे उभी गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरते. शास्त्रोक्त निदानात नळ्या एकेक चिमटून थरथर बदलते का ते पाहतात. रूढ निदानात आयडलचा स्क्रू अर्धा फेरा पिळून, डॅशबोर्डवरील इंजिनाचा बिघाड दाखवणाऱ्या पिवळ्या दिव्यावर चिकटपट्टी डकवली जाते. राहता राहिली पीयूसी, म्हणजे धूर मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र: जुन्या पेट्रोल गाडीची ही तपासणी नेमकी उभ्या गाडीवर, आयडलवरच होत असल्याने न जळलेले पेट्रोल हायड्रोकार्बनच्या आकड्यात चुगली करते, म्हणून तपासणीची नळी सायलेन्सरमध्ये बोटभरच घालावी, अशी विनंती मालक अदबीने करतो.