स्टार ट्रेक संग्रहाची सुधारित लागवड : जुन्नर-आंबेगावसाठी हंगामी सल्ला

टोमॅटोवर कोणती फवारणी घ्यावी, कांद्याचं पाणी कधी तोडावं, सातगाव पठारावर बटाट्याचं बेणं कधी उतरवावं, हे सांगणारी माणसं जुन्नर आणि आंबेगावात बांधाबांधावर भेटतात. पण 'स्टार ट्रेक' ही जुनी अमेरिकी विज्ञानमालिका कॅसेट आणि डिस्कच्या रूपात घरी जमवू पाहणाऱ्या होतकरू तरुणाला (आणि साठी उलटलेल्या तरुणालाही) कोणी विचारत नाही. या पिकाला विमा नाही, अनुदान नाही, हमीभाव तर नाहीच. म्हणून हा सल्ला. घरातल्या बाकीच्यांच्या हाती तो पडू देऊ नये.

हवामान आणि जमीन

हे पीक आपल्याकडे येईल का, अशी शंका असणाऱ्यानं आधी खोडदला जाऊन यावं. तिथे आणि आसपासच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण. चौदा तबकड्या मधोमध, सोळा तीन दिशांना, सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं. त्याची क्षीण हाक इथे ऐकू आली आणि जमिनीला टेकण्याच्या जरा आधी ती तुटली, हेही इथे कळलं. त्याही आधी, १९७१ साली, शेजारच्या आर्वीला 'विक्रम' हे उपग्रह भूकेंद्र सुरू झालं होतं. वरून आलेलं झेलायची या मातीला जुनी सवय आहे. मंगळावरची हाक ऐकणाऱ्या तालुक्यात आपला डीव्हीडी प्लेअर 'नो डिस्क' म्हणत असेल, तर दोष जमिनीचा नाही.

एक पथ्य मात्र पाळावं. दुर्बिणीला भोवतालच्या विद्युत गोंगाटाचा त्रास होतो. खोडद-नारायणगाव पट्ट्यातल्या संग्राहकानं ठिणग्या उडवणारा जुना व्हीसीआर तसाच दामटू नये. आकाशगंगेपलीकडचा संदेश समजून मालिकेतला आपलाच मिस्टर स्पॉक कोणाच्या तरी प्रबंधात जाऊन बसायचा.

वाणांची निवड

मूळ मालिका १९६६ ते १९६९ अशी तीन हंगाम चालली आणि तिचे ७९ भाग झाले. माल एवढाच. त्याचे वाण मात्र पुष्कळ, आणि सगळे लावल्याशिवाय संग्रह पुरा होत नाही.

व्हीएचएस हा गावरान वाण. अमेरिकेत सुरुवातीला एका कॅसेटवर एकच भाग निघाला, म्हणजे ७९ कॅसेटींची जागा आधी धरून ठेवावी. लेझरडिस्क हा वाण जुन्या एलपी तबकडीएवढा, ३० सेंटिमीटरचा; तो आपल्या भागात फारसा रुजला नाही, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांवर छाप पाडायला उत्तम. १९९९ ते २००१ या काळात डीव्हीडी आल्या. एका डिस्कवर दोन भाग, एकूण चाळीस डिस्क. त्या सगळ्या घेऊन झाल्या, तेव्हा २००४ मध्ये तेच भाग तीन प्लास्टिकच्या पेट्यांत आले : पहिला हंगाम पिवळा, दुसरा निळा, तिसरा लाल. यानावरच्या कर्मचाऱ्यांच्या सदऱ्यांचे हे रंग. लाल सदऱ्याचा बिननावाचा माणूस परक्या ग्रहावर उतरला की पहिल्या दहा मिनिटांत मरतो, हे जाणकारांना ठाऊक आहे. म्हणून लाल पेटी कपाटात सर्वांत पुढे ठेवावी. पत्र्यातून पाणी गळलं तर पहिला मार तिनं खावा.

एचडी डीव्हीडी हा संकरित वाण २००७च्या नोव्हेंबरात आला आणि २००८च्या फेब्रुवारीत तोशिबानं तो मोडून टाकला. पेरणी आणि नांगर यांत एवढं कमी अंतर आपल्याकडे टोमॅटोचा भाव पडतो तेव्हाच दिसतं. याच कारणासाठी ही पेटी मिळाली तर सोडू नये. पुढे २००९पासून ब्लू-रे आले. त्यात जुने पुठ्ठ्याचे-प्रतिकृतींचे प्रसंग पाहायचे की संगणकावर नव्यानं केलेले, हे बघणाऱ्यानं ठरवायचं. घरात या प्रश्नावर मतदान घेऊ नये.

'द केज' या पहिल्या प्रायोगिक भागाकडे विशेष लक्ष द्यावं. १९८६च्या कॅसेटवर त्यातले काही तुकडे रंगीत आणि काही कृष्णधवल आहेत, कारण तेव्हा संपूर्ण रंगीत प्रत हाती नव्हती. पुढे अख्खा भाग रंगीत मिळाला. सामान्य माणूस म्हणेल, आता जुनी टाकून द्या. संग्राहक म्हणतो, आता जुनीच शोधा. या पिकात किडकं फळ वेगळं काढून जपतात.

परदेशी बेणं आणि विभागांचा घोळ

बेणं बहुधा अमेरिकेतल्या भाच्याकडून येतं. तो दिवाळीला येताना बदाम, चॉकलेटं आणि एक पिवळी पेटी आणतो. मामा मंचरला घेतलेल्या प्लेअरमध्ये डिस्क घालतो आणि पडद्यावर उमटतं की ही डिस्क या विभागात चालणार नाही. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडले : अमेरिका १, इंग्लंड २, भारत ५. ब्लू-रे काढताना त्यांनीच वाटणी पुन्हा केली : अमेरिका ए, इंग्लंड बी, भारत सी. ज्यांनी धरणाच्या पाण्याचं वाटप पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. उपाय दोन. सगळे विभाग वाचणारा प्लेअर घ्यावा, नाहीतर भाच्याकडून पुढच्या दिवाळीला अमेरिकी प्लेअर मागवावा. दुसऱ्या उपायात ट्रान्सफॉर्मर, तिसरा रिमोट आणि बहिणीचा रुसवा हे वेगळे धरावेत.

इंग्लंडहून माल आला तर निराळाच प्रकार. मालिका सेकंदाला २४ चित्रं या गतीनं फिल्मवर टिपलेली. तिकडच्या आणि आपल्याही पाल पद्धतीत ती २५नं पळवतात, म्हणून पन्नास मिनिटांचा भाग अठ्ठेचाळीस मिनिटांत संपतो आणि कॅप्टन कर्कचा आवाज किंचित चिरका होतो. अमेरिकी डिस्कवर पन्नास मिनिटं पन्नासच राहतात. कोणती प्रत खरी, यावर जगभरचे संग्राहक भांडतात. आपल्याकडे त्यांना बैलगाडा शर्यतीच्या घाटात आणून बसवावं. बारी किती सेकंदांत आणि सेकंदाच्या कितव्या भागात बसली यावर जिथे अख्खं गाव रात्रभर वाद घालतं, तिथे दोन मिनिटांचा निकाल चहा येण्याआधी लागेल.

बेणं मिळण्याची ठिकाणं

नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव इथे पूर्वी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट एका रात्रीसाठी भाड्यानं देणारी दुकानं होती. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. तरीही मागच्या खोलीत खोकी असतात. दुकानदाराला थेट 'स्टार ट्रेक आहे का' असं विचारू नये, तो 'स्टार प्रवाह' ऐकतो आणि डिशवाल्याचा नंबर देतो. आधी जुन्या वगनाट्यांच्या, कीर्तनांच्या सीडी मागाव्यात. २०१४ सालच्या बंदीआधीच्या बैलगाडा शर्यतींची सीडी निघाली तर तीही घ्यावी. बंदी होती त्या वर्षांत शौकिनाला घाट पाहायचा तर असलंच काही हाताशी हवं होतं, आणि कोणाकडे असेल तर तो आजही ती उसनी देणार नाही.

गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेच्या सुपाऱ्या ठरवायला येतात. सौदा कसा करावा हे तिथे पाहून शिकावं : हवी ती वस्तू सोडून दुसऱ्याच वस्तूचा भाव विचारायचा, निघून जायचं, परत यायचं.

लग्नाच्या कॅसेटचं शेपूट

सर्वांत मोलाचा माल दुकानात नसून घरच्या कपाटात असतो. ऐंशीच्या दशकात 'स्टार ट्रेक' दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागत असे. पुढे 'स्पेस सिटी सिग्मा', 'इंद्रधनुष' आणि १९९८ साली मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' आला. घरी व्हीसीआर असलेल्या एखाद्या हौशी काकांनी हे टेप केलं असण्याची शक्यता असते. त्यावर कोणाचं तरी लग्न टेप झालं असण्याची शक्यता त्याहून जास्त.

पण तीन तासांच्या कॅसेटवर लग्न सव्वादोन तासांत आटोपतं. वरातीचा शेवट झाला, पडद्यावर मुंग्या आल्या, की टीव्ही बंद करू नये. खरं पीक त्यानंतर आहे. पुढच्या पाऊण तासात निवेदिकेसकट, वॉशिंग पावडरच्या जाहिरातीसकट एखादा अर्धा भाग हाती लागतो. हे जगातल्या कोणत्याही पेटीत नाही. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली ताबडतोब मोडावी, म्हणजे तिच्यावर नवं टेप होणार नाही. नवरा-नवरीला कळवताना मात्र 'तुमचं लग्न सापडलं' असंच सांगावं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारलंच तर बीबीसीचं उदाहरण द्यावं. तिथे 'डॉक्टर हू' या मालिकेचे भाग साठ-सत्तरच्या दशकांत पुसले गेले, टेप महाग म्हणून त्यांवर दुसरे कार्यक्रम भरले गेले. आपल्या काकांनी जे केलं तेच, फक्त सार्वजनिक खर्चानं. नव्वदहून अधिक भाग अजून हरवलेले आहेत. २०१३ साली नऊ भाग नायजेरियातून परत आले, कारण तिथे कोणीतरी जुने डबे फेकले नव्हते. म्हणजे जगाच्या एका कोपऱ्यातली अडगळ दुसऱ्या कोपऱ्यातल्यांच्या उपयोगी पडते. मोबाईलवर सगळं दिसतं म्हणणाऱ्या पोराला सांगावं, की तिथे दिसणारी मालिका करार संपला की एका रात्रीत नाहीशी होते आणि तिचा पंचनामाही होत नाही.

साठवण

भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. एकाची बुरशी सगळ्यांना लागते. या पट्ट्यातल्या संग्राहकांनी जून ते सप्टेंबर कॅसेट बेल्हे, आणे किंवा लोणी-धामणीच्या पाहुण्यांकडे पाठवाव्यात. तिथे कोरडी हवा मुबलक आहे. दुष्काळाचा कोणाला तरी उपयोग व्हावा.

कांद्याच्या बराखीत हवा खेळती असते म्हणून कॅसेट तिथे ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नयेत. उंदराला कांदा आणि कर्क यांतला फरक कळत नाही. कॅसेट पूर्ण रिवाइंड करून उभी ठेवावी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर. डिस्क मधून कडेकडे पुसावी, गोल गोल नाही. तिच्यावर हळदीकुंकू वाहू नये, दसऱ्यालासुद्धा.

रोग आणि कीड

व्हीसीआर टेप खातो हा जुना रोग. हेडवर करकरीत नोट घासण्याचा गावठी उपाय करू नये. हेडही जातं, नोटही. जपानची फुनाई ही व्हीसीआर करणारी जगातली शेवटची कंपनी मानली जाई, तिनंही २०१६ साली उत्पादन थांबवलं. म्हणून एक चालू, एक सुट्ट्या भागांसाठी आणि एक मोह आवरला नाही म्हणून, असे तीन व्हीसीआर बाळगावेत. शेतीपंप एकदम बंद झाले की दाब उसळतो, तेव्हा स्टॅबिलायझर लावावा.

बिबट्यापासून या पिकाला धोका नाही. माणसापासून आहे. 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणणारा मित्र ही सर्वांत चिवट कीड. त्यावर औषध निघालेलं नाही.

खर्च, उत्पन्न आणि घरची बाजू

उत्पन्न शून्य धरावं. २०२३च्या जुलैत टोमॅटोला सोन्याचा भाव आला होता. ब्लू-रे घ्यायची ती वेळ होती, गेली. आता वीस किलोच्या क्रेटमध्ये भाव सांगू नये, बायकोला हिशोब पटकन जमतो. पार्सल आलं तर 'ठिबकचं सामान' म्हणावं. डिस्क पाहण्याचा आग्रह धरू नये. पेटीचं प्लास्टिक फाडलं की तिची किंमत निम्म्यावर येते. बघायचंच असेल तर मोबाईलवर बघावं.

वाटणी

संग्रहाची नोंद सातबारावर होत नाही, इतर हक्कांतही नाही. त्यामुळे हयातीतच वाटणीपत्र करावं. दोन भाऊ आणि तीन हंगाम असतील तर तंटा ठरलेला. पिवळी पेटी थोरल्याला, निळी धाकट्याला, आणि ज्या लाल हंगामाला खुद्द भक्तही नाक मुरडतात तो बहिणीला, असं ठरवून तिच्याकडून बाकीच्या दोहोंवर हक्कसोडपत्र लिहून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. बहिणींना सल्ला एवढाच : जमिनीवर सही करताना जितका विचार करायला हवा होता, तितका निदान इथे तरी करावा, आणि पिवळी पेटी हातात पडेपर्यंत पेन उघडू नये.