पिशवीची जमाबंदी

ज्या गावाचे नाव उच्चारताच कोणत्याही शहाण्या माणसाला शेतसारा आठवतो, त्या बारडोलीत राहून गेले दोन महिने मी एका पिशवीची जमाबंदी करण्यात घालवले, हे सांगताना मला थोडा संकोच वाटतो. परंतु थोर भूमीत क्षुद्र उद्योग करणाऱ्यांची परंपरा आमच्या घराण्यात जुनी असल्यामुळे तो संकोच फार काळ टिकत नाही. 1928 साली वल्लभभाईंच्या शब्दावर या तालुक्याने सारा भरायचे नाकारले, घरांना कुलपे पडली, जप्तीवाले दिसले की ढोल वाजू लागले आणि महिनेच्या महिने अंधाऱ्या घरात म्हशी कोंडल्या गेल्या, तेव्हा कोकणातून चाकरीसाठी आलेले माझे आजोबा कचेरीत बसून जप्तीच्या पंचनाम्यांच्या नकला करीत असत. या ऐतिहासिक कामगिरीविषयी घरात फारसे बोलले जात नसे. पुढे 1 मे 1960 रोजी द्वैभाषिकाची वाटणी झाली, तेव्हा वडिलांनी ओट्यावरून खाली न उतरता राज्य बदलले, आणि मीही यथाकाल त्याच महसुली दफ्तरांत डोके घालून, यथाकाल ते बाहेर काढून, सेवानिवृत्त झालो.

बारडोलीला हिवाळ्यात तीन गोष्टी एकदम येतात : साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या, कोवळ्या ज्वारीचा पोंक आणि परदेशस्थ आप्त. यंदा तिसऱ्या सदराखाली कॅलिफोर्नियातला माझा भाचा आला, पंधरा दिवस राहिला, आणि जाताना सात रंगीत तबकड्या माझ्या स्वाधीन करून म्हणाला, "मामा, रोज कालव्यापर्यंत नुसतं चालत जाता, त्यापेक्षा हे फेकत जा." निवृत्त मनुष्याच्या चालण्यात काही हेतू असावा, अशी तरुण पिढीची अपेक्षा असते, आणि ती पुरी करण्याचा याहून सोपा मार्ग न सुचल्यामुळे मी होकार दिला.

डिस्क गोल्फ या नावाचा हा खेळ वर्णनाला सोपा आहे. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारून खळग्यात घालतात. येथे तबकडी हाताने फेकून, जिच्यावर साखळ्या लोंबत आहेत अशा टोपलीत, शक्य तितक्या कमी फेकींत पोहोचवायची. एड हेड्रिक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1970 नंतरच्या दशकात ही साखळ्यांची टोपली सिद्ध केली आणि 1976 मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन केली. 2002 साली तो निवर्तला, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा तबकड्यांच्या मालात मिसळून तिच्या तबकड्या पाडण्यात आल्या. मनुष्याने आपल्या विषयाशी एकरूप व्हावे असे म्हणतात. परंतु ते इतक्या शब्दशः घेणारा साधक माझ्या वाचनात दुसरा नाही.

आमची टोपली मात्र देशी आहे. सायकलीच्या चाकाची जुनी कडी बांबूच्या शेंड्याला बसवली, खाली फळवाल्याची करंडी बांधली आणि कडीवरून बाजारात मिळणाऱ्या गुरे बांधण्याच्या साखळ्या सोडल्या. फेक बरोबर लागली म्हणजे जो खळखळाट होतो, तो पहाटे गोठ्यातल्या म्हशीने मान झटकावी तसा असतो. ज्या तालुक्यात एके काळी त्याच आवाजाने जप्तीवाल्यांचे कान टवकारले जात, तेथे तो आता माझ्या यशाची द्वाही फिरवतो, हा कालमहिमा होय.

तथापि माझा विषय खेळ नसून पिशवी आहे. तबकड्या हातात धरून चालू लागलो तेव्हा चौथ्या दिवशीच ध्यानात आले की सात वस्तू घेऊन हिंडण्यासाठी विधात्याने मनुष्याला दोन हात दिले, ते पुरेसे नाहीत. तबकडीचा व्यास साधारण वीतभर, म्हणजे 21 सेंटीमीटरांच्या थोडा पुढे. वजनाचा कायदा असा की व्यासाच्या दर सेंटीमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा अधिक नाही, आणि कोणत्याही परिस्थितीत 200 ग्रॅमच्या वर नाही. माझ्या साती तबकड्या प्रत्येकी 175 ग्रॅमच्या निघाल्या. शिवाय प्रत्येकीवर वेग, तरंगणे, आरंभीचे वळण आणि अखेरचे वळण दाखवणारे चार आकडे असून ते पाहिल्यावर सातबाराच्या उताऱ्यावर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला, ही मालमत्ता आहे आणि तिची व्यवस्था लागली पाहिजे, असे वाटल्यावाचून राहीना.

भाच्याने दूरध्वनीवरून सल्ला दिला की लहान, हलकी, खांद्याला अडकवायची, सहा ते दहा तबकड्या मावणारी पिशवी घ्यावी. वीस-वीस तबकड्या मावणाऱ्या पाठपिशव्या आणि चाकांच्या ढकलगाड्याही तिकडे मिळतात, पण त्या मोहात पडू नये. सल्ला उत्तम होता. फक्त बारडोलीच्या बाजारात तो अमलात आणण्याजोगा माल नव्हता. तेव्हा घरातूनच आरंभ केला. पहिला मान साडीच्या दुकानातून आलेल्या कापडी पिशवीला दिला. तीत तबकड्या उभ्या राहण्याऐवजी जेवणानंतर पाहुणे लवंडतात तशा लवंडल्या, आणि हवी ती तबकडी नेमकी तळाशी असण्याचा जो सृष्टिनियम आहे त्याला अनुसरून दर फेकीला मला संपूर्ण पिशवी जमिनीवर ओतावी लागली. दुसऱ्या दिवशी खादीची शबनम घेतली. स्वराज आश्रमाच्या गावात खांद्याला शबनम लावून म्हाताऱ्याने निघणे ही किती गंभीर गोष्ट आहे, याची कल्पना मला नव्हती. कालव्यापर्यंतच्या वाटेत दोघांनी वर्गणी कशाची म्हणून विचारले, आणि एकाने तर न विचारताच रस्ता ओलांडला. तिसऱ्या दिवशी, कचेरीत दफ्तरे बांधण्याचा लाल रुमाल असतो तशा रुमालात सातही तबकड्या गाठ मारून घेतल्या. ती गाठ चाळीस वर्षांच्या सवयीने इतकी पक्की बसली की त्या दिवशीचा खेळ तहकूब करावा लागला.

अखेरीस निरोपसमारंभात मिळालेली, संगणक ठेवण्याची काळी पिशवी बाहेर काढली. तिला सात कप्पे होते, आणि अनर्थाचे मूळ येथेच आहे. रिकामा कप्पा ही वस्तू मानवी मनाला सहन होत नाही. एका कप्प्यात पाण्याची लिटरची बाटली गेली. दुसऱ्यात खाकरे गेले. पाऊस पडून तीन महिने झाले होते तरी लांबट कप्पा होता म्हणून छत्री गेली. मग बॅटरी, औषधांची डबी, गुणांची वही, वहीसाठी दोन पेने, त्यांपैकी एक चालले नाही तर म्हणून तिसरे, आणि अंतर मोजण्याची फीत. अशा सिद्धतेने निघालो असताना उसाच्या फडाकडे जाणारी एक मावशी वाटेत थांबून मला म्हणाली, "बाबा, डागदर आहात का?" नंदुरबार-डांगाकडून हंगामाला येणाऱ्या ऊसतोड्यांपैकी ती होती. तिच्या डोक्यावर एक गाठोडे, कमरेवर एक मूल आणि हातात कोयता होता. सहा महिन्यांचा तिचा संसार त्या एका गाठोड्यात होता, आणि माझ्या तासाभराच्या करमणुकीला सात कप्पे कमी पडत होते. मी डॉक्टर नसल्याचे सांगितले. मग पिशवीत काय आहे, हे तिने विचारले नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

त्या दिवशी परतताना वाण्याच्या काट्यावर पिशवी ठेवली, तो ती सव्वाचार किलो भरली; आणि सात तबकड्यांचे वजन त्यात सव्वा किलोसुद्धा नव्हते.

माझ्या पत्नीने शाळेत पस्तीस वर्षे गणित शिकवले आहे, आणि गणिताच्या शिक्षकांना निवृत्ती ही केवळ पगारापुरती असते. तिने चष्मा लावला, पिशवीतला जिन्नस न् जिन्नस सतरंजीवर मांडला आणि चौकशी सुरू केली. येथे वाचकांना आठवण देणे अवश्य आहे की बारडोलीच्या साऱ्यात प्रथम 30 टक्के वाढीची शिफारस झाली होती, सरकारने ती 22 टक्क्यांवर आणली, आणि लढ्यानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव हिंडून चौकशी केली तेव्हा 6.03 टक्के एवढीच वाढ रास्त ठरली. आमच्या घरी ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन्ही अधिकार एकाच व्यक्तीकडे होते. "छत्री?" तिने विचारले. मी म्हणालो, "आभाळ सांगता येत नाही." "अहो, जानेवारीतलं आभाळ शाळेतली पोरंही सांगतात," असे म्हणून छत्री बाद झाली. खाकरे, बॅटरी आणि तिन्ही पेने पाठोपाठ गेली. लिटरच्या बाटलीचे वजन जवळजवळ सहा तबकड्यांइतके आहे, हे तिने दाखवून दिले तेव्हा तर मला स्वतःचीच लाज वाटली. कारण पिशवी पाचशे ग्रॅमची घ्यावी की चारशेची, या विवंचनेत मी तीन रात्री काढल्या होत्या. "आता तबकड्या," ती म्हणाली. "सात कशाला?"

येथे मी शास्त्राधार काढला. गोल्फमध्ये खेळाडूने चौदाहून अधिक काठ्या बाळगू नयेत असा नियम अमेरिकेत 1938 पासून लागू झाला. तबकड्यांच्या खेळात अशी मर्यादा मुळीच नाही. त्याच 1938 साली आमच्याच तालुक्यातल्या, तापीकाठच्या हरिपुऱ्यास काँग्रेसचे एकावन्नावे अधिवेशन भरले आणि अध्यक्ष सुभाषबाबूंचा रथ एकावन्न बैलांनी ओढला, ही गोष्ट इकडे पोरासोरांना ठाऊक आहे. तेव्हा संयम हा या भूमीचा धर्म असला तरी प्रसंगी मोकळा हातही आहे, असा माझा युक्तिवाद होता. "बैल ओढत होते," पत्नी शांतपणे म्हणाली, "इथे तुम्हीच ओढता." वादाचा निकाल त्याच क्षणी लागला. लांब फेकीची एक, मधल्या पल्ल्याची एक आणि टोपलीजवळची एक, अशा तीन तबकड्या आणि पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली एवढी जमा कायम झाली. बाकी सर्व सूट.

आता पिशवी शिवायची राहिली. मी तिन्ही तबकड्या घेऊन दर्ज्याकडे गेलो. त्याने एक उचलली, काठ अंगठ्याने चाचपला, उलटी केली, तिच्यात डोकावून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, आ थाळी छे ने?" मी नाही म्हणालो. मग झाकण असावे, असा त्याचा दुसरा तर्क होता. ही फेकण्याची वस्तू आहे, असे सांगताच त्याने ती इतक्या करुणेने माझ्या हातात परत दिली की मला पुढे बोलवेना. घरी येऊन विचार करता वाटले, दर्जी इतिहासाच्या बाजूने होता. अमेरिकेत ब्रिजपोर्टच्या फ्रिस्बी भटारखान्याच्या पायच्या पत्र्याच्या थाळ्या पोरे फेकून खेळत, आणि 1957 साली बाजारात आलेल्या, मॉरिसन नावाच्या गृहस्थाच्या प्लास्टिकच्या तबकडीला पुढे फ्रिस्बी हे नाव चिकटले, ते त्या थाळ्यांवरूनच. म्हणजे कुळाच्या वहिवाटीने पाहता ही थाळीच; तिचे उड्डाण हा मागाहून झालेला फेरफार.

दर्ज्याने मात्र पिशवी थाळ्यांचीच समजून शिवली, आणि म्हणूनच ती उत्कृष्ट साधली. मांडणीत थाळ्या उभ्या राहतात तशा तबकड्या उभ्या राहाव्यात म्हणून त्याने तळाला पुठ्ठा घातला, मध्ये जाड सुती कापडाचे दोन पडदे दिले, बाजूला बाटलीपुरता खिसा ठेवला आणि खांद्याला छत्रीच्या कापडाचा पट्टा लावला. पट्टा जेथे जोडला तेथे त्याने चौकोनात तिरकी फुली मारून टीप घातली होती. त्या चार बोटांच्या चौकोनात जो विचार होता, तो माझ्या सात कप्प्यांत मिळून नव्हता. पिशवी भरली 180 ग्रॅम. तीन तबकड्या आणि भरलेली बाटली घालून पुन्हा वाण्याच्या काट्यावर ठेवली, तेव्हा आकडा आला 1245. सव्वाचार किलोंवरून सव्वा किलोवर आलेला हा सारा पाहून मला विजयी सत्याग्रह्यासारखे वाटले, आणि आजोबांच्या नोकरीची अंशतः फेड झाली, असेही वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांब पल्ल्याची निळी तबकडी मी मोठ्या आवेशाने फेकली. हलक्या खांद्याने फेक लांब जाते, हे सत्य आहे. ती इतकी लांब गेली की अखेरचे वळण घेऊन काकरापारच्या कालव्यात उतरली. या तबकड्या बहुधा तरंगत नाहीत. हेड्रिकसाहेबाचे स्मरण करून मी विसर्जन झालेल्या जागी क्षणभर उभा राहिलो, आणि दोन तबकड्यांनिशी घराकडे वळलो. वाटेत हातगाडीवर सुरती पापडी आली होती. कोवळी होती, आणि दोन पडद्यांमधली एक जागा मोकळी होती. पाव किलो पापडी तेथे अशी बसली, की जणू दर्ज्याने माप तिचेच घेतले होते.

पत्नीने पिशवी उघडली, पापडीकडे पाहिले, मग हिशेबाकडे पाहिले. 175 गेले, 250 आले. निव्वळ वाढ 75. मूळ जमा 1245. तिने ओठ किंचित हलवून मनातल्या मनात भागाकार केला. "सहा टक्के आणि वर थोडं," ती म्हणाली. "एवढी वाढ रास्त आहे." आणि पापडी निवडायला घेतली.