सोफ्यामागचं वाळवंट

धावपळीतल्या न्यूयॉर्ककरांनी क्षणभर थांबून फूल नीट पाहावं, म्हणून अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ यांनी फुलं भलीमोठी रंगवली. आता त्याच फुलांच्या फ्रेमा सोफ्यामागे लागतात. म्हणजे बसणाऱ्याची पाठ फुलाकडे, तोंड टीव्हीकडे. त्यांनी रंगवलेल्या न्यू मेक्सिकोच्या लाल टेकड्यांची निवड उशांच्या अभ्र्यांशी रंग जुळवून होते. वाळवंटातल्या कवट्या आणि हाडं मात्र 'अंगावर येतात' म्हणून दुकानातच राहतात. ओकीफ यांचं १९३२ सालचं पांढऱ्या धोतऱ्याचं चित्र २०१४ मध्ये ४ कोटी ४४ लाख डॉलरना विकलं गेलं. तोच धोतरा अंगणात उगवला, तर हेच रसिक तणनाशक घेऊन धावतात. नुसती भिंतच झाकायची असेल, तर कॅलेंडर लावा. निदान तारीख तरी कळेल.