कोपऱ्यावरच्या घरातलं लग्न

"काकू, कळलं का? कोपऱ्यावरचे ते कुत्रेवाले दोघं लग्न करतायत!"

"अगं, पत्रिका केव्हाची माझ्या फ्रीजवर लागलीय. पण चर्चमध्ये नाही हं, कौन्सिलच्या हॉलात."

"का बरं? तो उंच तर दर रविवारी चर्चमध्ये गातो."

"गायला चालतो, लग्नाला नाही. इथे इंग्लंडात २०१३ला कायदा झाला, २०१४च्या मार्चपासून दोन पुरुषांची, दोन बायकांची लग्नं लागायला लागली. चर्च ऑफ इंग्लंडला मात्र कायद्यानंच मनाई."

"कायद्यानं?"

"हे पडलं सरकारी चर्च. हद्दीतल्या माणसांची लग्नं लावणं त्यांना बंधनकारक. उद्या कुणी कोर्टात खेचलं तर? म्हणून कायद्यातच चार-चार कुलपं घातली. दुसऱ्या पंथाच्या मेथडिस्टांनी २०२१ला दार उघडलं. पटत नसेल त्या पाद्र्यावर सक्ती नाही, मिटलं."

"मग यांचंच घोडं कुठं पेंड खातंय?"

"यांच्या सिनॉडमध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मसभेत. फेब्रुवारी २०२३ला अशा जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनेला कौल मिळाला. बिशपांत ३६ विरुद्ध ४, पण साध्या सभासदांत १०३ विरुद्ध ९२. काठावर पास!"

"म्हणजे रजिस्टर लग्न करून आपण सत्यनारायण घालतो, तसं?"

"तेवढंही नाही गं. रोजच्या आरतीत दोघांची नावं घ्यायची, झालं. आणि व्हिकरला, म्हणजे तिथल्या पाद्र्याला, नको असेल तर तेही नाही."

"काकू, तुम्हाला एवढं कसं ठाऊक?"

"मंगळवारी चर्चच्या हॉलात योगाला जाते ना. नंतर व्हिकरीणबाई चहात बिस्किट बुडवून बसतात आणि मन मोकळं करतात. बिचाऱ्यांना दोन्हीकडून बोलणी! खासदार विचारतात, संसदेत लॉर्ड्सच्या सभागृहात तुमचे २६ बिशप बसतात, मग देशाचा कायदा तुम्हाला का नको? तिकडे आफ्रिका-आशियातले काही आर्चबिशप म्हणतात, कँटरबरीचे आर्चबिशप आता आमचे पुढारी नाहीत."

"कोर्टानं धरलं का कधी?"

"कुठलं! एका पाद्र्यानं स्वतःच असं लग्न केलं, तर त्याचं लायसन्स अडवलं. तो भांडला, पण २०१८ला अपिलात चर्चच जिंकलं. खरा जोर लावतायत ते त्यांच्याच बाकांवर बसणारे. बाहेरच्यांच्या भीतीनं कुलूप घातलं आणि अडकले घरचेच."

"खरंय. बरं, आपण जायचं ना? आहेर काय द्यायचा?"

"जायचं म्हणजे काय, जायचंच! फक्त किटली नको देऊस. दोघांच्या मिळून आधीच दोन झाल्यात."