डबा बोलना का?

जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या पाच कंदीलपर्यंत व्यवहार झाल्याचा पुरावा आता एकच. खात्यातून पैसे गेले, मोबाइलवर हिरवी टिक आली, बँकेचा मेसेज आला, सगळं मान्य. पण पैसे आल्याचं मोठ्याने बोलून सांगणारा काउंटरवरचा तो डबा? डबा बोलना का? नही ना? मग थांबा आप्पा.

दुकानदाराची चूक नाही. नकली ॲपवर हिरवी टिक उमटवून किलोभर शेव लांबवणारे बहाद्दर त्याने पाहिलेत. आमचा विषय गिऱ्हाईक आहे. त्याला वाटतं, डब्याला कान असतात.

कोड स्कॅन झाला की आप्पा मोबाइल डब्याला टेकवतात. टेकवून पैसे घेणारे नवे डबे सोडा. या साध्या डब्यात एक सिमकार्ड आणि एक भोंगा, बस्स. पैसे आल्याची वर्दी त्याला सर्व्हर देतो, आप्पांचा मोबाइल नव्हे. पण आप्पा मोबाइल उलटा धरतात, सुलटा धरतात, भोंग्याच्या जाळीवर घासतात. डबा गप्प. मग वाकून त्याला समजावतात, "नव्वद टाकले ना भो!" रांगेतले नाना म्हणतात, टपली मारा, आमचा जुना टीव्ही असाच लागायचा. टपली बसते, नेमकी त्याच वेळी रेंज येते, डबा नव्वद रुपये मिळाल्याचं जाहीर करतो आणि टपलीचं शास्त्र भर रांगेत सिद्ध होतं. आता त्या दुकानात पैसे टाकायच्या आधीच डब्याला मारतात.

दुसऱ्या जातीच्या गिऱ्हाइकाला पैसे पोचल्याशी देणंघेणं नसतं. आकडा ऐकू गेला पाहिजे. लग्नसराईत अठरा हजारांच्या साड्या घेतल्या, डबा बोलला, पण तेवढ्यात बाहेरून वरातीचा बँड गेला. "भाऊ, परत बोलवा ना त्याला, व्याही चहाला गेले होते." मागचा आकडा पुन्हा वाजवायचं बटण काही डब्यांना असतं, हे दुकानातल्या पोराने सांगायला नको होतं. व्याही आले, बटण दाबलं, डबा अठरा हजार म्हणाला आणि व्याही ओरडले, "दोनदा कापले!" मग खातं उघडा, शिल्लक दाखवा, पासवर्ड विसरला, मुलाला पुण्याला फोन लावा. हे चालू असताना पाच रुपयांची पिन घेणाऱ्या ताई पोराच्या कानाशी येऊन म्हणतात, "माझ्या वेळेला त्याला हळू बोलायला सांग हं."

इथपर्यंत हसा. पण खरोखर पैसे अडकतात तेव्हा बखोट कोणाचं धरलं जातं? पंचेचाळीस अंशांत, गरम वारा फेकणाऱ्या पंख्याखाली दिवसभर उभ्या असलेल्या पोराचं. यूपीआय 2016 साली आलं. खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानात खबर पोचली नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हावेत, त्यापुढे रोजचे 100 रुपये भरपाई, हा नियमही 2019 पासून आहे. तो गिऱ्हाइकाला सांगायचा कोणी? बँकेत गेलं तर खिडकीपलीकडून उत्तर येतं, दुकानदाराला विचारा. ॲपवाला बँकेकडे बोट दाखवतो, मदतवाणी एक दाबा, दोन दाबा करत गाणं ऐकवते. उरलं पोर. बँक, ॲप आणि मोबाइल कंपनी, तिघांचं तक्रार निवारण केंद्र ते एकट्याने चालवतं, फुकटात, चिंधीने काउंटर पुसता पुसता. आणि त्याच्यावर चढतो कोण? खेड्यावरून आलेले आप्पा नाहीत, ते बिचारे डब्यालाच मारतात. चढतात चष्मेवाले, इस्त्रीवाले. "सर्व्हर तूच बंद ठेवलास!" अहो, त्याला दुकानाचं शटर बंद करायची परवानगी रात्री दहाशिवाय मिळत नाही.

तळघरातल्या एका दुकानात डब्याला रेंजच नसते. तिथल्या पोराने तोड काढली आहे. वर जिन्यात जाऊन मालकाच्या मोबाइलवर पैसे आलेले बघतो, खाली येतो आणि काउंटरमागे वाकून डब्याच्या आवाजात आकडा जाहीर करतो. गिऱ्हाईक समाधानाने पिशवी उचलतं. मुक्या डब्याचं भाडं मालक दर महिन्याला न चुकता भरतो. पोराने पगारात पाचशे वाढवून मागितले, तर म्हणाला, दिवाळीनंतर बघू.